आधी मुक्काम, मग माप, शेवटी मजकूर: शवपेटी आणि अस्थिकलश घडवून घेताना

२००८ साली अमेरिकेत फ्रेडरिक बाउर हे रसायनतज्ज्ञ वारले. बटाट्याचे वाकडे काप एकावर एक रचून ठेवणारा प्रिंगल्सचा उंच, नळकांड्यासारखा डबा ही त्यांची कल्पना, आणि आपली रक्षा त्याच डब्यात ठेवून पुरावी असे त्यांनी मुलांना सांगून ठेवले होते. मुलांनी दुकानातून एक डबा विकत घेतला, थोडी रक्षा त्यात भरली आणि तो डबा नेहमीच्या कलशासोबत पुरला. वर्तमानपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून छापली, परंतु त्यात शिकण्यासारखे बरेच आहे. प्रौढ माणसाची सगळी रक्षा अशा डब्यात मावत नाही. त्यामुळे वडिलांची इच्छा डब्याने पुरी झाली आणि उरलेली जबाबदारी एका साध्या कलशाने उचलली.

माणसाची छाप असलेली शवपेटी किंवा कलश घडवून घेताना बहुतेक कुटुंबे याच्या उलट क्रमाने जातात. आधी फोटो निवडला जातो, मग रंग, मग ओळी, आणि सगळे तयार झाल्यावर कळते की पेटीवरचा मुलामा दहनभट्टीला चालत नाही किंवा कलश रक्षा ठेवण्यासाठी बांधलेल्या भिंतीतल्या कोनाड्याच्या दारातून आत जात नाही. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने फार हौसेने घडवलेला पितळी कलश झाकणावरच्या कळसासारख्या गाठीमुळे कोनाड्याबाहेरच राहिला; दोन बोटांचा फरक होता. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: पेटी किंवा कलश शेवटी कुठे जाणार, त्याचे माप काय, तो कशाचा असावा, आणि सर्वांत शेवटी त्यावर काय असावे.

निवडीला आज एवढा वाव का मिळाला, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये वोकिंग येथे पहिले अधिकृत दहन १८८५ साली झाले, कॅथलिक चर्चने दहनावरची बंदी १९६३ मध्ये सैल केली, आणि अमेरिकेत २०१५ च्या सुमारास दहनाचे प्रमाण दफनापेक्षा वर गेले. जिथे अंत्यसंस्काराच्या व्यवसायाचा सगळा भार भारी शवपेटीच्या विक्रीवर होता, तिथे पेटीची गरजच कमी झाली. मग कलश, स्मृतिचिन्हे, छपाई, दागिने आणि निरोपसभेचे आयोजन यांकडे व्यावसायिक वळले. अर्थात माणसाच्या आयुष्याची खूण पेटीला देण्याची कल्पना त्यांची नव्हे. घानाची राजधानी अक्रा, तिच्याजवळच्या तेशी येथे सेथ काने क्वेई या सुताराने १९५०च्या दशकापासून कोकोची शेंग, मासा, विमान अशा आकारांच्या पेट्या घडवल्या, आणि १९८९ मध्ये त्या पॅरिसच्या प्रदर्शनात कलाकृती म्हणून मांडल्या गेल्या. कोळ्याला माशात आणि शेतकऱ्याला शेंगेत निरोप देणाऱ्या त्या पेट्यांइतकी नेमकी व्यक्तिगत शवपेटी छपाईच्या यंत्राला अजून जमलेली नाही, असे माझे मत आहे.

याच काळात उलटा प्रवाहही वाढला आहे. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी आपल्यासाठी स्वस्तात स्वस्त पेटी मागितली होती. २०२२ च्या पहिल्याच दिवशी केपटाऊनमध्ये त्यांना पाइनच्या साध्या लाकडी पेटीतून, कड्यांऐवजी दोराच्या मुठी लावून, निरोप दिला गेला. पोप फ्रान्सिस यांनी एकात एक अशा तीन पेट्यांची जुनी पद्धत बदलून, आतून जस्त लावलेली एकच लाकडी पेटी आपल्यासाठी ठरवून ठेवली होती. साधेपणा हीसुद्धा व्यक्तिगत छापच आहे, आणि ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःवर खर्च होऊ दिला नाही त्याच्यासाठी रंगीबेरंगी पेटी घेणे म्हणजे त्याला न ओळखण्यासारखे आहे.

मराठीत आपण सरसकट शवपेटी म्हणतो, पण विक्रेत्याशी बोलताना दोन शब्दांतला फरक माहीत असावा. खांद्याशी रुंद आणि पायाकडे निमुळती होत जाणारी सहा बाजूंची पेटी म्हणजे कॉफिन. सरळ आयताकृती, बिजागरीच्या झाकणाची आणि आत गादी-अस्तर असलेली पेटी म्हणजे कास्केट. मागवताना हा शब्द चुकला की माप आणि किंमत दोन्ही बदलतात.

शेवटचा मुक्काम

पेटी दहनभट्टीत जाणार असेल तर सर्वाधिक बंधने इथेच येतात. भट्टीचे तापमान साधारण ७६० ते ९८० अंश सेल्सिअसच्या घरात असते आणि दहनाला दीड ते तीन तास लागतात. पीव्हीसी, रबर, जाड काच, धातूची सजावट आणि काही प्रकारचे व्हार्निश यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते, कारण त्यांतून विषारी धूर निघतो किंवा ते वितळून भट्टीच्या तळाला चिकटतात. म्हणूनच प्लास्टिकच्या चिकटपट्टीवर छापलेले सुंदर चित्र आणि कागदाच्या थरावर छापलेले तेच चित्र यांत फरक आहे. छपाई कोणत्या पदार्थावर होणार हे विक्रेत्याला विचारावे आणि तेच दहनगृहाला कळवून होकार घ्यावा. पेटीत सोबत ठेवायच्या वस्तूंनाही हाच नियम लागू आहे. घड्याळ, मोबाइल, बाटली, चष्म्याची धातूची डबी यांऐवजी पत्र, सुती रुमाल, लाकडी बासरी अशा वस्तू ठेवाव्यात. शरीरात पेसमेकर असल्यास तो आधी काढावाच लागतो, कारण त्यातील बॅटरी उष्णतेने फुटते आणि त्यातून भट्टीचे व तिथल्या माणसांचे नुकसान होऊ शकते. ही माहिती रुग्णालयाने पुढे दिली असेल असे गृहीत धरू नये; कुटुंबातील एकाने ती दहनगृहाला स्वतः सांगावी.

निसर्गस्नेही दफनभूमीचे नियम वेगळे. या पद्धतीची पहिली आधुनिक दफनभूमी इंग्लंडमधील कार्लाइल येथे १९९३ मध्ये सुरू झाली. अशा जागी वेताची, बांबूची, लोकरीची, जाड पुठ्ठ्याची किंवा न रंगवलेल्या लाकडाची पेटी चालते; धातूचे खिळे, कृत्रिम अस्तर आणि रसायने भरून जतन केलेला देह सहसा चालत नाहीत. नेदरलँड्समध्ये बुरशीच्या तंतूंपासून वाढवलेल्या पेट्याही तयार होऊ लागल्या आहेत. वेताच्या पेटीला छाप देण्याची उत्तम रीत म्हणजे तिच्या विणीत ताजी फुले, पाने किंवा रंगीत सुती फीत ओवणे. हे काम नातवंडेसुद्धा करू शकतात, आणि त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही.

देह कुजवून त्याची खतासारखी माती करण्याला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये कायद्याने परवानगी दिली. त्यात पेटी लागतच नाही, आणि शेवटी सुमारे पाऊण घनमीटर माती हाती येते, म्हणजे कोणत्याही कलशाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. अशा वेळी कुटुंबे निरोपापुरती भाड्याची पेटी घेतात. बाहेरून देखणी दिसणारी ही पेटी परत जाते आणि देह आतल्या साध्या खोक्यासह पुढे नेला जातो. दर्शनासाठी भारी पेटी हवी पण ती जाळण्यात मन रमत नाही, अशांना दहनापूर्वीही हा पर्याय चांगला आहे.

कलशाचा मुक्काम तितकाच निरनिराळा. कोनाड्यात ठेवायचा असेल तर आतील पोकळी मोजून भागत नाही. दाराची चौकट मोजावी आणि कलशाची उंची गाठ, कडी, बैठक सगळे धरून मोजावी. पाण्यात सोडायचा असेल तर मिठाचा, कागदाच्या लगद्याचा किंवा वाळू आणि जिलेटिनचा विरघळणारा कलश घ्यावा आणि त्या ठिकाणचा नियम आधी पाहावा. उदाहरणार्थ, अमेरिकेत समुद्रात रक्षा सोडताना किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल दूर जावे लागते आणि ३० दिवसांच्या आत पर्यावरण खात्याला कळवावे लागते. विमानाने न्यायचा असेल तर धातूचा कलश टाळावा. अमेरिकी विमानतळांवरील सुरक्षा यंत्रणा एक्स-रेच्या आरपार दिसेल असाच कलश आत सोडते आणि कुटुंबाने सांगितले तरी झाकण उघडून पाहत नाही. त्यामुळे प्रवास लाकडी किंवा प्लास्टिकच्या डब्यातून आणि पोहोचल्यावर धातूच्या कलशात, असे दोन टप्पे करणे सोयीचे. धर्माची मर्यादा पाळणाऱ्या घरांनी तीही आधीच विचारून घ्यावी. कॅथलिक चर्चच्या २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विखुरणे किंवा तिचे दागिने करणे मान्य नाही.

झाडाखाली पुरण्याच्या कलशांची जाहिरात सध्या खूप होते. तिथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: दहनानंतरची रक्षा तीव्र अल्कधर्मी आणि खारट असते, आणि ती एकाच जागी ढिगाने पडली तर रोप जगण्याऐवजी सुकते. रक्षा भरपूर मातीत आणि सेंद्रिय खतात मिसळावी, थोड्या प्रमाणात वापरावी आणि मुळांपासून अंतर ठेवावे. आईच्या नावाने लावलेले झाड महिनाभरात मेले तर ते दुःख दुसऱ्यांदा सोसावे लागते.

माप

अमेरिकेत मिळणारी सर्वसाधारण कास्केट बाहेरून सुमारे २१३ सेंटिमीटर लांब आणि ७१ सेंटिमीटर रुंद असते. आतली रुंदी त्याहून बरीच कमी भरते, आणि अडचण बहुधा लांबीत नसून तिथेच येते. हात पोटावर ठेवलेल्या स्थितीत एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंतचे अंतर घ्यावे. खांद्याच्या मापावर विसंबू नये. मोठी पेटी लागत असेल तर खड्डा, त्यातील काँक्रीटचे आवरण, शववाहिनी आणि भट्टीचे दार या चारही ठिकाणी ती मावेल का, हे मागणी नोंदवण्यापूर्वी विचारावे. कड्यांबद्दलही विचारावे. अनेक स्वस्त पेट्यांच्या कड्या केवळ शोभेच्या असतात आणि उचलण्यासाठी तळाखाली हात घालावा लागतो. ज्या चार-सहा जणांनी खांदा द्यायचा आहे त्यांना हे आदल्या दिवशी कळले पाहिजे. पुठ्ठ्याच्या पेटीची वजन पेलण्याची मर्यादा लेखी मागावी आणि पावसाची शक्यता असेल तर तळाशी लाकडी फळी आहे का ते पाहावे.

पोलादी पेटीच्या पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. म्हणजे १६ गेजचा पत्रा २० गेजपेक्षा जाड असतो. झाकणाला रबरी पट्टी असलेल्या पेटीत देह कायम टिकतो, असे कोणी सुचवले तर तिथून उठावे. अमेरिकेत तर १९८४ पासून लागू असलेल्या फ्युनरल रूलने, म्हणजे अंत्यसंस्कार व्यवसायासाठीच्या सरकारी नियमाने, असे दावे करण्यालाच बंदी घातली आहे.

कलशाचे गणित सोपे आहे. व्यवसायात रूढ असलेला ठोकताळा असा की शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३६ मिलिलिटर जागा धरावी. ७० किलो वजनाच्या माणसाला अडीच लिटर, ८५ किलोला तीन लिटरहून किंचित जास्त. बाजारातील प्रौढांचे प्रमाणित कलश सव्वातीन लिटरच्या आसपास असतात, म्हणून ते बहुतेकांना पुरतात. मात्र हे गणित भट्टीतून निघून यंत्रात दळलेल्या रक्षेचे आहे. लाकडाच्या चितेनंतर गोळा केलेल्या अस्थी न दळलेल्या असतात आणि त्यांना जागा अधिक लागते. डेस्मंड टुटू यांच्या देहासाठी वापरलेल्या, ज्वाळेऐवजी अल्कलीयुक्त गरम पाण्यात देह विरघळवण्याच्या पद्धतीनंतर पांढरट भुकटी साधारण २० ते ३० टक्के जास्त उरते, तेव्हा कलशही त्या हिशेबाने मोठा हवा. दोन-तीन भावंडांत वाटणी होणार असेल तर एक मोठा आणि बाकी लहान, चार चमचे रक्षा मावेल एवढे कलश घेणे उत्तम. सगळ्यांना सारखे मोठे कलश घेतले तर ते जवळजवळ रिकामेच राहतात आणि उचलताना आतून आवाज येतो.

छाप

आता कुठे फोटो आणि ओळी यांची वेळ येते. माझा आग्रह एकाच खुणेचा आहे. शिंपीकाम करणाऱ्या बाईंच्या कलशावर कोरलेली एक कात्री पुरेशी आहे. तिच्याभोवती फुलपाखरे, सूर्यास्त, गुलाब आणि इंग्रजी कविता आल्या की बाई त्यात हरवतात. खूण विक्रेत्याच्या पुस्तकातून निवडू नये. शक्य असेल तर त्यांच्या खऱ्या कात्रीचे चित्र काढून घ्यावे, टवका उडालेल्या मुठीसकट.

कास्केटमध्ये बदलता येण्यासारख्या जागा ठरलेल्या असतात: झाकणाच्या आतले अस्तर, ज्यावर भरतकाम होते, चारही कोपऱ्यांवरचे बिल्ले, जे निरोपानंतर काढून चार घरी ठेवता येतात, आणि काही पेट्यांत असलेला चिठ्ठ्यांचा लहान खण. वेळ कमी असेल तर संपूर्ण पेटी रंगवण्यापेक्षा या जागा वापराव्यात. साध्या पांढऱ्या पेटीवर घरातल्यांनी स्वतः रंगाने किंवा खडूने लिहिणे ही पद्धतही वाढते आहे, आणि लहान मुलांना त्या दिवशी करण्यासारखे काही मिळते हा तिचा मोठा गुण आहे.

फोटो छापायचा असेल तर मूळ फाइल द्यावी. व्हॉट्सॲपवरून दहा जणांकडून फिरून आलेला फोटो मोबाइलवर चांगला दिसतो, पण ३० सेंटिमीटर रुंदीच्या स्वच्छ छपाईला सुमारे ३,५०० पिक्सेल रुंदीचे चित्र लागते. जुना कागदी फोटो असेल तर तो मोबाइलने टिपण्याऐवजी स्कॅन करून घ्यावा.

मराठी मजकूर कोरून घेताना विशेष जपावे लागते. कोरणाऱ्या यंत्राच्या अनेक सॉफ्टवेअरना देवनागरीची जुळणी समजत नाही. ‘स्मिता’ हे नाव टाइप करून पाठवले तर ‘स’चा पाय मोडून तो सुटा उभा राहतो, ‘म’ची वेलांटी भलतीकडे जाऊन बसते आणि शिरोरेखा मध्येच तुटते; कारागिराला लिपी येत नसेल तर त्याला त्यात काही वावगे दिसत नाही. म्हणून मजकूर कधीही नुसत्या अक्षरांत पाठवू नये. अक्षरे बाह्यरेषांत बदललेली पीडीएफ किंवा मोठे, स्पष्ट चित्र पाठवावे. अक्षराची उंची शक्यतो ५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार लाकडाच्या रेषांत बुजतात. नमुना आला की तो शोकात नसलेल्या एखाद्या माणसाने वाचावा, जन्मतारीख कागदपत्राशी ताडून पाहावी, आणि लेखी होकार दिल्याशिवाय काम सुरू करू नये असे सांगावे. कोरलेली चूक पुसता येत नाही.

क्यूआर कोडची चलती आहे. कोड टिपला की माणसाची चित्रे आणि आवाज समोर येतात. कल्पना वाईट नाही, परंतु ते पान कोणाच्या नावावर आहे, त्याचे वार्षिक शुल्क कोण भरणार आणि कंपनी बंद पडली तर काय, हे विचारावे. कोडच्या शेजारी नाव आणि साल अक्षरांत असलेच पाहिजे.

रक्षेपासून काचेचे मणी, लॉकेट किंवा हिरा करून घेण्याचा विचार असेल तर दहनापूर्वी केसांची एक बट कापून कागदात गुंडाळून ठेवावी. दहनात शरीरातील बहुतेक कार्बन वायुरूपाने निघून जातो, रक्षेत तो अगदी थोडा उरतो, आणि केसांत मात्र भरपूर असतो. अनेक प्रयोगशाळा केसांपासूनही हिरा घडवतात. लॉकेट किंवा मण्याला चिमूट-दोन चिमूट रक्षा पुरते, हिऱ्याला त्यापेक्षा कितीतरी जास्त लागते आणि काम काही महिने चालते. सगळी रक्षा एकदम कोणाकडेही पाठवू नये.

खरेदी आणि पूर्वतयारी

अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्याकडूनच पेटी घ्यावी लागते, हा समज अनेक ठिकाणी चुकीचा आहे. अमेरिकेच्या फ्युनरल रूलनुसार ग्राहकाने बाहेरून आणलेली पेटी स्वीकारणे व्यावसायिकाला बंधनकारक आहे, त्यासाठी वेगळे शुल्क लावता येत नाही, आणि थेट दहनासाठी कास्केट घ्यायलाच हवी असेही सांगता येत नाही. इतर देशांत नियम निराळे असतील, म्हणून दरपत्रक लेखी मागणे आणि बाहेरची पेटी चालेल का असे सरळ विचारणे, एवढे तरी करावे.

सर्वांत चांगली शवपेटी घाईत मागवलेली नसते. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ येथे २०१० मध्ये एका निवृत्त परिचारिकेच्या पुढाकाराने ज्येष्ठांचा एक क्लब सुरू झाला, जिथे सभासद एकत्र येऊन आपापल्या पेट्या स्वतः जोडतात आणि रंगवतात. ही कल्पना पुढे इतर देशांतही पसरली. ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांनी आपली शववाहिनी म्हणून एक लँड रोव्हर गाडी २००३ पासून बदलत बदलत तयार करवली आणि २०२१ मध्ये ती वापरली गेली. एवढा खटाटोप सर्वांनी करावा असे नाही. एका कागदावर दफन की दहन, कोणती एक खूण, कोणते गाणे आणि काय मुळीच नको, एवढ्या चार गोष्टी लिहून तो कागद कुठे आहे हे दोघांना सांगून ठेवले तरी मागे राहणाऱ्यांचे निम्मे वाद मिटतात. ‘काय नको’ ही ओळ वगळू नये, कारण घरातल्यांना सर्वाधिक उपयोग तिचाच होतो.

कलश घरी आल्यावर रक्षा त्यात भरण्याचे काम अनेकांना जड जाते; ते अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्याकडून करून घ्यायला काहीच हरकत नाही. स्वतः करायचे असेल तर पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात, नाकातोंडाला मास्क बांधावा आणि टेबलावर मोठा कागद अंथरावा. दहनगृहातून रक्षा सहसा जाड प्लास्टिकच्या पिशवीत येते. कलशाचे तोंड रुंद असेल तर पिशवी तशीच आत ठेवावी. तोंड अरुंद असेल तर जाड कागदाचे नरसाळे करून, पिशवीचा एक कोपरा कापून, सावकाश ओतावे. मधूनमधून कलश हलकेच ठोठावला की रक्षा खाली बसते आणि जागा होते. काही ठिकाणी पिशवीसोबत क्रमांक कोरलेली धातूची लहान चकती येते. ओळख पटवण्यासाठी तीच खूण असल्याने ती फेकू नये, रक्षेसोबत कलशातच ठेवावी आणि क्रमांक दहनाच्या दाखल्याशी जुळवून घ्यावा. झाकण आधी नुसते फिरवून बसवावे. चिकटद्रव्याने ते कायमचे बंद करण्याआधी दूरगावी असलेल्या भावंडाला एकदा फोन करावा, कारण त्याला त्यातील चिमूटभर हवी असते आणि हे त्याने आतापर्यंत कोणाला सांगितलेले नसते.